ठकीचा ट्रे आणि बंड्याची जीभ: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुण्याच्या एका उपनगरातला तिसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट. घरात काका, काकू आणि नोकरीला जाणारा धाकटा मुलगा. धुणं-भांडी, केर-फरशीला सकाळी मावशी येतात. थोरली मुलगी लग्न होऊन नाशिकला गेलेली. सातव्या महिन्यात ती डोहाळजेवणासाठी येणार होती आणि बाळंतपण माहेरीच व्हायचं होतं. ओळख पटू नये म्हणून माणसांची नावं दिलेली नाहीत, जनावरांची बदलली आहेत.

ठकी ही बारा वर्षांची मांजर. मुलगी कॉलेजात असताना आणलेली, नसबंदी झालेली, कधी घराबाहेर न गेलेली. बंड्या तीन वर्षांचा लॅब्रेडॉर, चौतीस किलोचा. ओळखीतल्या एका कुटुंबाची बंगळूरला बदली झाली, त्यांच्याकडून तो मागच्या दिवाळीनंतर या घरी आला. पहिल्याच आठवड्यात ठकीने त्याच्या नाकावर एक सणसणीत पंजा ठेवून दिला. त्यानंतर दोघांमध्ये तंटा नव्हता. एकाच सोफ्यावर दोन टोकांना झोपण्याइतपत सलोखा होता.

ठकीचा ट्रे, म्हणजे तिची शी-शूची जागा, हे प्लास्टिकचं घमेलं होतं. ते ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या बाजूला असे. त्यात लिटर, म्हणजे शू शोषून घेणारी, ओली झाली की गोळे होणारी बेंटोनाइट माती. बारा वर्षं हेच चाललं होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

समस्या

जुलैत मला बोलावलं ते कुत्र्यासाठी नव्हे. (घरोघरी जाऊन पाळीव प्राण्यांच्या वागणुकीबद्दल सल्ला देणं हे माझं काम.) काकूंनी जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून, धुऊन, घड्या घालून दिवाणावर रचून ठेवली होती. ठकीने त्या चळतीवर शू केली. धुऊन वाळवून पुन्हा रचली, पुन्हा केली. काकूंच्या नणंदेने फोनवर निकाल देऊन टाकला होता: "बाळ यायच्या आत मांजर बाहेर काढ."

"बारा वर्षांत हिने कधी असं केलं नाही गं," काकू म्हणाल्या. "आत्ताच काय झालं हिला?"

मी ट्रे बघायला मागितला. घमेलं आश्चर्य वाटावं इतकं स्वच्छ होतं. शूचे गोळे होते, शी अजिबात नव्हती. काका जरा ओशाळून हसले. "त्याचं काय आहे, हल्ली ते साफ करावंच लागत नाही. बंड्या करतो."

घरातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. जूनच्या अखेरीपासून बंड्या ट्रेमधली शी खात होता. काकांनी आधी ओरडून पाहिलं, मग चप्पल उगारली. त्याचा परिणाम एवढाच झाला, की बंड्या आता काका दिसले की घास न चावता गिळून पळत असे. त्यासोबत लिटरही पोटात जाई. धाकट्याने ऑनलाइन झाकणाचा ट्रे मागवला, तोही आठवडाभर वापरून झाला होता. बंड्याने दाराची झडप नाकाने उचलली आणि आत डोकं घातलं. ठकीने मात्र त्यात पाऊल टाकायचं नाकारलं.

खरी गोष्ट सांगितली ती मावशींनी, फरशी पुसता पुसता. "ती माती खरवडायला लागली का हा जिथं असंल तिथनं उठतो आन् सैपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसतो. ती बाहेर येईस्तोवर हलत नाही." म्हणजे लिटर उकरण्याचा आवाज ही बंड्यासाठी जेवणाची घंटा झाली होती. ड्राय बाल्कनीला वाट एकच, तीही स्वयंपाकघरातून. आत शी करत बसलेली मांजर, आणि एकमेव दारात चौतीस किलोचं कुत्रं. तो तिला काही करत नव्हता. पण शी-शूला बसलेल्या जनावराला असा पहारा चालत नाही. ठकीने मग ट्रे सोडला, आणि तिला मऊ, कोरडी, उंचावरची, पळायला चहूबाजूंनी मोकळी अशी जागा सापडली. ती जागा म्हणजे दुपट्यांची चळत.

घरच्यांच्या लेखी या दोन वेगळ्या तक्रारी होत्या. एक किळसवाणी पण निरुपद्रवी, दुसरी गंभीर. पहिलीतूनच दुसरी निघाली होती.

आधी दवाखाना

बारा वर्षांच्या मांजराने जागा सोडून शू केली तर 'वागणूक' हा शब्द उच्चारण्याआधी लघवीची तपासणी व्हायला हवी. या वयात मूत्रपिंडाचे विकार आणि लघवीचा संसर्ग दोन्हींची शक्यता वाढते. बोका असता आणि वारंवार बसूनही थेंबच येत असता, तर त्याच रात्री डॉक्टर गाठावा लागला असता. मूत्रमार्ग तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावू शकतो.

ठकीच्या लघवीत संसर्ग नव्हता, रक्तातले मूत्रपिंडाचे आकडे वयाच्या मानाने ठीक होते. एक्स-रेत मात्र दोन्ही खुब्यांच्या सांध्यांत संधिवात दिसला. घमेल्याची कड चांगली वीतभर उंच होती. ती ओलांडताना तिला दुखत असणार, आणि हे बंड्या येण्याच्या आधीपासूनचं असावं. डॉक्टरांनी वेदनेवर औषध दिलं. इथे एक सांगून ठेवते: घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला चुकूनही द्यायची नाही. पाव गोळीनेसुद्धा मांजर मरू शकतं.

बंड्याच्या शीमध्ये लिटरचे करडे खडे आणि मांजरांच्या गोलजंतांची अंडी सापडली. अंडी सापडली म्हणजे त्याला तेच जंत झाले असं नव्हे. खाल्लेली अंडी नुसती पोटातून पुढे सरकूनही बाहेर पडतात. डॉक्टरांनी दोघांनाही जंताचं औषध दिलं. लिटरची काळजी वेगळी होती. गोळे होणारी माती पाणी शोषून फुगते, आणि ती बऱ्याच प्रमाणात पोटात गेली तर आतडं तुंबण्याची भीती असते. उलट्या, पोट फुगणं, शी न होणं यांपैकी काही दिसलं तर थांबायचं नाही, असं त्यांनी बजावलं.

मग डॉक्टरांनी विचारलं, की हे सुरू झालं तेव्हा बंड्याला काही औषध चालू होतं का. काकूंनी फाइल काढली. जूनमध्ये पावसाळी खाजेसाठी दुसऱ्या एका दवाखान्यात प्रेडनिसोलोन सुरू झालं होतं. ते स्टेरॉइड आहे आणि त्याने भूक बेसुमार वाढते. लॅब्रेडॉर मुळातच खादाड. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की जवळजवळ पाव हिस्सा लॅब्रेडॉरांमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि अशी कुत्री खाण्यामागे जास्त लागतात. त्यात या घरी सकाळी दूध-पोळी आणि रात्री थोडा चिकन-भात असा बेत. ठकीला मात्र मांजरांचं कोरडं खाद्य. अमेरिकी मानकांनुसार प्रौढ कुत्र्याच्या खाद्यात किमान १८ टक्के प्रथिनं लागतात, मांजराच्या खाद्यात २६. त्यातलं न पचलेलं बरंच काही शीसोबत बाहेर पडतं. बंड्याच्या नाकाला घमेल्यात घाण नव्हे, मेजवानी दिसत होती.

स्टेरॉइड मनाने बंद करायचं नसतं. डॉक्टरांनी त्याचा डोस हळूहळू उतरवत नेला.

कोणते पर्याय समोर होते

मांजर देऊन टाकणं. हा पर्याय घरात रोज बोलला जात होता, म्हणून आधी त्याचाच विचार केला. बारा वर्षांची, सांधे दुखणारी मांजर दत्तक कोण घेणार? नणंदबाईंचं म्हणणं "गावाकडं वाड्यात सोडून या" असं होतं. भुकेने-तहानेने हाल होतील अशा तऱ्हेने जनावर सोडून देणं हा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हा आहे. हे ऐकल्यावर काका गप्प झाले. काकूंचं मत बदललं ते कायद्याने नव्हे. मुलीने फोनवर विचारलं, "ठकी नसेल तर मी कशाला येऊ?"

टॉक्सोप्लाझ्माची भीती. नणंदबाईंच्या आग्रहामागे हे एक खरं कारण होतं, म्हणून ते झटकून टाकलं नाही. मांजरांच्या शीतून पसरणारा हा परजीवी गर्भाला इजा करू शकतो. पण मांजर त्याची अंडी सहसा पहिल्यांदा लागण झाल्यावर दोन-तीन आठवडेच टाकते, आणि टाकलेली अंडी संसर्ग करण्याजोगी व्हायला एक ते पाच दिवस लागतात. ट्रे रोज साफ झाला तर ती वेळच येत नाही. कच्चं मांस न खाणारी, बाहेर न जाणारी मांजर हा तर फारच कमी धोक्याचा प्रकार. अर्धंकच्चं मांस, न धुतलेली भाजी, बागेतली माती ही माणसाला लागण होण्याची नेहमीची कारणं.

मुलीची तपासणी नाशिकला झाली होती आणि अहवाल 'निगेटिव्ह' होता. घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो चुकीच्या कारणासाठी होता. निगेटिव्ह म्हणजे तिला आजवर लागण झालेली नाही, म्हणजेच तिच्या अंगात त्याविरुद्ध संरक्षण नाही. जपायचं तिलाच होतं. तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनीही हेच सांगितलं: मांजर घरात राहू द्या, ट्रेला तुम्ही हात लावू नका.

बंड्याला शिकवून सोडवणं. काकांचा कल इकडे होता. 'सोड' म्हटल्यावर तोंडातलं सोडणं, त्याबदल्यात चांगला खाऊ मिळणं, हे शिकवायलाच हवं आणि ते शिकवलंही. पण हुकूम चालतो तो माणूस समोर असेपर्यंत. दुपारी दोन वाजता काकू झोपल्या, मुलगा ऑफिसात, ठकी ट्रेमध्ये, अशा वेळी 'सोड' कोण म्हणणार? शिवाय प्रत्येक चोरी यशस्वी झाली की सवय आणखी घट्ट होते.

पावडरी आणि अननस. शीला वाईट चव आणणाऱ्या पावडरी, अन्नात अननस, भोपळा. २०१८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी कुत्र्यांची शी खाणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांना विचारून एक पाहणी छापली. त्यात अशा उत्पादनांचा उपयोग शून्य ते दोन टक्के इतकाच निघाला. ती पाहणी मांजरांच्या शीबद्दल नव्हती, पण इथे वेगळं काही घडेल असं मानायला मला कारण दिसत नाही. आणि चव बिघडवायची म्हणजे औषध ठकीच्या अन्नात घालायचं. दुखणाईत मांजर जेवण सोडेल, त्यापेक्षा शी खाल्लेली बरी.

मुसकं. जाळीचं मुसकं बाहेर फिरताना काही कुत्र्यांना उपयोगी पडतं. घरात दिवसभर, पुण्याच्या दमट जुलैत, आणि तेही जाळीतून शी चेपून चाटता येत असताना? नाही.

ट्रे उंचावर ठेवणं किंवा वरून उडी मारून जायचा डबा घेणं. तरण्या मांजरासाठी हा सगळ्यात सोपा उपाय, आणि बहुतेक जण पहिल्यांदा हाच सुचवतात. ठकीच्या खुब्यांनी तो बाद केला.

झाकणाच्या ट्रेचं काय झालं ते वर आलंच आहे. एकच दार, आत कोंडलेला वास, अंग वळवायला जागा नाही. बंड्याला आत डोकं घालता येत होतं आणि ठकीला बाहेर काही दिसत नव्हतं.

मांजराच्या कातडीखाली बसवलेली मायक्रोचिप ओळखून उघडणारं मांजरदार. उपाय उत्तम. पण ठकीला चिप नव्हती, दार बाहेरून मागवावं लागलं असतं, आणि झडपेला डोक्याने ढकलायला शिकण्याची वेळ ही नव्हती.

उरला तो मार्ग असा, की ट्रे जिथे असेल तिथे मांजर जाईल आणि कुत्रा जाणार नाही अशी जागा घरातच शोधायची.

निर्णयाचे टप्पे

पहिला निर्णय क्रमाचा होता. बंड्याला थांबवण्याची घाई सगळ्यांनाच होती. पण प्रत्येक अडथळा आधी ठकीच्या बाजूने तपासायचा असं ठरवलं. तिला तो न दुखता ओलांडता येतो का? ओलांडल्यावर दुसऱ्या बाजूने सटकता येतं का? या दोन प्रश्नांवर अर्धे पर्याय गळाले आणि चर्चा आटोपली.

दुसरा निर्णय लिटरचा. धाकट्याने सोयाबीनच्या चोथ्यापासून बनणारं टोफू लिटर सुचवलं. पोटात गेलं तरी ते माती इतकं घातक नाही, हे त्याचं म्हणणं बरोबर होतं. तरी मी विरोध केला. ट्रे नाकारलेल्या मांजराच्या बाबतीत जागा आणि पायाखालची माती एकाच वेळी बदलली, तर काय आवडलं नाही हे कळायला मार्ग उरत नाही. आणि सोयाबीनचा वास येणारी दाणेदार वस्तू स्टेरॉइडवरच्या लॅब्रेडॉरसमोर ठेवायची म्हणजे त्याच्या ताटात भर घालण्यासारखंच होतं. माती तीच ठेवली.

तिसरा निर्णय जागेचा, आणि त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. ड्राय बाल्कनी सोडायची हे नक्की झालं: एकच वाट, मशीनची घरघर, पावसाची झड. शिवाय मावशी तिथली फरशी रोज फिनाईलने पुसायच्या. फिनॉलवर्गीय जंतुनाशकं मांजरांना घातक असतात. ती पायांना लागतात आणि पाय चाटताना पोटात जातात. कुणालाच हे माहीत नव्हतं, मावशींना तर कुणी सांगितलंच नव्हतं.

मुलीची खोली बाळंतिणीसाठी राखीव. कॉमन बाथरूमची फरशी कायम ओली. मग लक्ष गेलं हॉलच्या बाल्कनीकडे. काचा लावून ती बंद केलेली होती, काकांचं टेबल आणि रद्दीचे गठ्ठे तिथे असत. या बाल्कनीला दोन दारं आहेत: हॉलमधून सरकतं दार आणि काका-काकूंच्या बेडरूममधून साधं बिजागरीचं. एका दारात बंड्या बसला तरी ठकी दुसऱ्याने निघू शकते. संपूर्ण घरात अशी जागा ही एकच होती. काकांनी दोन हरकती घेतल्या. एक डासांची, ती बाल्कनीच्या खिडक्यांना आधीच जाळी असल्याने मिटली. दुसरी टेबलाची. तिच्यावर तडजोड झाली, रद्दी गेली आणि टेबल राहिलं.

प्रत्यक्ष काय केलं

सरकत्या दाराच्या खालच्या रुळात सुताराने लाकडी पट्टीचे दोन तुकडे बसवले. एक दार पूर्ण मिटू देत नाही, दुसरा ते जास्त उघडू देत नाही. मधे फट राहते. पहिल्या दिवशी ती पंधरा सेंटीमीटर ठेवली होती. बंड्याने त्यातून तोंड कानांपर्यंत आत घातलं, मान लांबवली आणि जीभ ट्रेच्या काठाला लागली. सुतार हसत उभा होता. फट अकरा सेंटीमीटरवर आणली आणि ट्रे दारापासून हातभर आत, टेबलाखाली सरकवला. ठकी चार किलोची, सडपातळ. ती अकरा सेंटीमीटरमधून मिशीही न वाकवता गेली.

बेडरूमच्या दाराला लांब हुकाची कडी लावली, त्यामुळे तेही तेवढंच उघडं राहतं. वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली रबरी स्टॉपर. माणसांना जायचं असेल तर कडी काढायची आणि पुन्हा लावायची. दोन पट्ट्या, कडी, स्टॉपर आणि सुताराची मजुरी मिळून खर्च झाकणाच्या ट्रेपेक्षा कमी आला, हे काकांनी दोनदा सांगितलं.

घमेलं गेलं. कपडे ठेवायचा मोठा प्लास्टिकचा डबा घेऊन त्याची एक बाजू चार बोटं उंची ठेवून कापली आणि कापलेली कड टेपने गुळगुळीत केली. लांबी ठकीच्या दीडपट. दुसरा तसाच ट्रे काका-काकूंच्या खोलीतल्या बाथरूमच्या कोरड्या कोपऱ्यात, जुन्या लाकडी पाटावर ठेवला, म्हणजे खाली पाणी आलं तरी माती भिजत नाही. त्या दारालाही तशीच कडी. मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त, आणि ते वेगवेगळ्या जागी. शेजारी शेजारी ठेवलेले दोन ट्रे मांजराच्या हिशेबात एकच.

जुनी जागा एकदम बंद केली नाही. ठकी नव्या जागी नियमित जाऊ लागेपर्यंत ड्राय बाल्कनीतही एक ट्रे राहिला. तेवढ्या काळात ती तिकडे गेली की कुणीतरी बंड्याला हॉलमध्ये बोलवायचं आणि शी लगेच उचलायची. या काळाचा घरच्यांना सगळ्यात जास्त वैताग आला. काकूंनी स्पष्ट सांगितलं, की दिवसभर मांजराच्या मागे फिरायला त्या रिकाम्या नाहीत. काकांनी निवृत्तीचा उपयोग करून ते काम घेतलं, आणि पुढे सकाळ-संध्याकाळ ट्रे साफ करणंही त्यांच्याकडेच राहिलं.

शू झालेली दुपटी आणि दिवाणाची गादी एन्झाइमच्या क्लीनरने धुतली. साध्या साबणाने आपल्या नाकाचा वास जातो, मांजराच्या नाकाचा जात नाही. फिनाईल घरातून बंद झालं. मावशींना त्याचं कारण नीट सांगितल्यावर त्यांनीच शेजारच्या मांजरवाल्या घरातही ते बंद करायला लावलं.

बंड्याचा बेत डॉक्टरांनी बदलून दिला. दूध-पोळी गेली, पुरेशा प्रथिनांचं खाणं दोन वेळांत आलं. त्यातली एक मूठ दाणे दुपारी जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत लपवून द्यायचे. दुपारी दोनची वेळ मुद्दाम निवडली. जेवल्यावर साधारण त्याच सुमारास ठकी ट्रेकडे जाते. 'सोड'चा सराव चालूच राहिला, घरातल्यापेक्षा बाहेरच्यासाठी जास्त.

काय निष्पन्न झालं

ठकीने बाल्कनीतला ट्रे दुसऱ्याच दिवशी वापरला, पाटावरचा मात्र बरेच दिवस नुसता हुंगला. दिवाणावरची शू ऑगस्टमध्ये थांबली. वेदनेचं औषध, कमी उंचीची कड आणि दोन वाटा, यांपैकी कशाचा वाटा किती हे सांगता येणार नाही, कारण तिन्ही एकाच पंधरवड्यात झालं. अभ्यास म्हणून ही उणीव आहे. दुखणाईत जनावराचं औषध मागे ठेवून प्रयोग करण्यात मात्र अर्थ नव्हता.

बंड्या सुरुवातीला फटीसमोर नाक लावून बसे, अधूनमधून उसासा टाके. स्टेरॉइड उतरत गेलं तशी ती बैठक कमी झाली. त्याची आवड सुटलेली नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्यांखाली भटक्या मांजरांनी केलेली शी दिसली की तो अजूनही जोर लावतो, पट्टा हातात असतो म्हणून निभावतं. घरातली वाट बंद झाली एवढाच दावा करता येईल.

मुलगी सप्टेंबरमध्ये आली. डोहाळजेवणाला घर पाहुण्यांनी भरलं, तेव्हा ठकी काका-काकूंच्या खोलीत होती आणि पाटावरचा ट्रे तिने पहिल्यांदा मनापासून वापरला. नणंदबाई आल्या होत्या. ट्रे कुठे आहे हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि काकूंनी ते सांगितलंही नाही.

अडचण आली ती बाळ घरी आल्यावर. नोव्हेंबरची थंडी पडली तशी "वारं येतंय" म्हणून जो तो बेडरूमचं दार लावून घेऊ लागला. एकदा हॉलचं सरकतं दारही कुणी पट्टी काढून मिटलं. त्या संध्याकाळी ठकी बाथरूमच्या पायपुसण्यावर बसलेली सापडली. मग धाकट्याने दोन्ही दारांवर 'पूर्ण लावू नका, मांजराची वाट' अशी चिठ्ठी चिकटवली आणि बेडरूमच्या फटीला जाड कापडाची पट्टी पडद्यासारखी लावली. वारा अडला, ठकी खालून जाते.

वेगळं काय करता आलं असतं

झाकणाचा ट्रे मागवण्याआधी दवाखाना व्हायला हवा होता. खुब्यांचं दुखणं तेव्हाच कळलं असतं तर ठकीवर तो ट्रे लादला गेला नसता, आणि दुपट्यांपर्यंत गोष्ट कदाचित गेलीच नसती.

दुसरं, औषधांची फाइल पहिल्या दिवशीच उघडायला हवी. अचानक सुरू झालेल्या खाण्याच्या सवयीमागे स्टेरॉइड, मधुमेह, स्वादुपिंडाचा आजार यांपैकी काही असू शकतं. खाजेचं औषध देणारा दवाखाना एक आणि जंताचं देणारा दुसरा असेल, तर दोन्हींना जोडणारा दुवा घरातलं माणूसच असतं.

मावशींना आधी विचारलं असतं तर उंबऱ्यावरचा पहारा जूनमध्येच समजला असता. घरातलं जनावर दिवसभर काय करतं हे बहुतेक वेळा मालकांपेक्षा दिवसा घरात वावरणाऱ्या माणसाला जास्त ठाऊक असतं. ही गोष्ट घरोघरी दिसते, तरी विचारायचं राहून जातं.

पाहुण्यांचा आणि थंडीचा विचार आराखड्यात नव्हता. दाराची फट हा उपाय घरातल्या प्रत्येकाने पाळला तरच टिकतो. जिथे माणसांची ये-जा जास्त आहे तिथे दाराच्या फळीतच खाली कायमचं भोक पाडून घेणं बरं. भाड्याच्या घरात ते जमत नाही. तिथे मांजरासाठी छोटं दार असलेलं बेबी गेट घ्यावं, फक्त ट्रे कुत्र्याच्या मानेच्या पोहोचीबाहेर असला पाहिजे.

एक प्रश्न अजून सुटायचा आहे. मुलगी तीन महिन्यांनी नाशिकला परत गेली, पण उन्हाळ्यात ती बाळाला घेऊन राहायला येणार, आणि तोवर बाळ रांगत असेल. अकरा सेंटीमीटरच्या उभ्या फटीतून बाळाचं अंग जाऊ शकतं आणि डोकं अडकू शकतं. पाळण्याच्या गजांमध्ये सहा सेंटीमीटरच्या आसपासच अंतर ठेवतात ते याच भीतीने. शिवाय फटीपलीकडे ट्रे आहे आणि रांगतं बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं. म्हणून एप्रिलच्या आधी सुतार पुन्हा येणार आहे. हॉलकडचं दार त्या मुक्कामात पूर्ण बंद राहील, बेडरूमच्या दारात खाली ठकीपुरतं चौकोनी भोक पडेल, आणि बाळ असेल तेव्हा त्या खोलीचं हॉलकडचं दार लावलेलं राहील. ठकीची एक वाट तेवढ्या दिवसांपुरती कमी होईल. म्हणून पाटावरचा ट्रे ती आत्तापासूनच जास्त वापरेल असं बघायचं आहे, आणि काकांनी तिची रात्रीची वाटी त्या बाथरूमच्या बाहेर, पलंगाच्या पायथ्याशी हलवली आहे.